भोकं पाडण्याआधी खडू फिरवा

प्रश्न : माझ्या जुन्या मोटारसायकलला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढचे लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे) आणि केबल नवीन टाकली, तरी ब्रेक दाबला की हाताला स्पंजासारखं लागतं आणि गाडी हवी तशी थांबत नाही. मित्र म्हणतो, शर्यतीच्या गाड्यांसारखी ब्रेक प्लेटला (ड्रम झाकणाऱ्या तबकडीला) भोकं पाड आणि कॅमचा (ब्रेक आतून फाकवणाऱ्या फिरत्या तुकड्याचा) लिव्हर लांब कर. करू का?

उत्तर : भोकं मीही पाडली होती, हौसेनं, आणि त्यांना जाळीसुद्धा लावली नव्हती. पहिल्याच पावसात पाणी आत गेलं. ब्रेक दाबला तर काहीच नाही, आणि लायनर जरा सुकल्यावर असा कचकन धरला की मी हँडलवर आलो. त्या भोकांचा उपयोग उष्णता बाहेर काढण्यापुरता. तुमचा ब्रेक तर थंड असतानाच धरत नाही, म्हणजे दुखणं वेगळं आहे.

नवीन शूची (लायनर ज्यावर बसतो त्या कमानीसारख्या तुकड्याची) गोलाई आणि झिजलेल्या ड्रमची गोलाई क्वचितच जुळते. शू मधल्या एका पट्टीवर टेकतो आणि बाकीचं लायनर नुसतं शोभेला. दाबला की शू वाकतो, तोच तुमचा स्पंज. ड्रमच्या आतून खडू फिरवा, चाक बसवून हलका ब्रेक दाबत दोन-चार वेढे द्या आणि उघडून बघा. लायनरवर जिथे खडू लागला तेवढाच तुमचा ब्रेक! उंच भाग पॉलिश पेपरनं थोडा थोडा उतरवा, पुन्हा खडू. कंटाळवाणं काम आहे. माझी अख्खी दुपार जाते. ती पूड हवेच्या नळीनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला मास्क, ओलं फडकं.

त्याआधी ड्रम गोल आहे ना ते तपासा. ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांना धडधड मारत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय, तो लेथवर मारून घ्यावा लागेल. पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे जायचं नाही. चाक बसवताना एक्सलचा नट ब्रेक दाबून धरूनच आवळा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. एवढ्यानंसुद्धा फरक पडतो, फुकटात.

कॅमचा लिव्हर लांब केला तर जोर वाढतो, पण ओढही तेवढीच वाढते. केबलचं बाहेरचं आवरण दबत असेल तर हातातला लिव्हर मुठीला टेकेल आणि ब्रेक राहील बाजूला. मी आधी कोन बघतो. ब्रेक लागतो त्या क्षणी केबल आणि कॅम लिव्हर काटकोनात हवेत. काटकोन ओलांडला की तोच हात दाबून जोर कमी मिळतो. काहीजण यावर कॅमच्या दांड्यावरच्या दातांवर लिव्हर एक दात मागे बसवतात. लायनर संपत आलं असेल तर मात्र हे करू नका. लायनर किती उरलंय ते दाखवणारा झिजेचा काटा खोटं दाखवू लागतो, आणि कॅम जास्त फिरला तर अडकून चाक जाम होऊ शकतं.

एवढं करूनही लांब उतारावर ब्रेक मंदावत असेल तर तो उष्णतेचा प्रश्न. ड्रम तापला की फुगून शूपासून दूर जातो. तेव्हा जाळी लावलेल्या हवेच्या तोंडाचा विचार करा. ६० ऐवजी ८० च्या वेगानं येऊन थांबलात तर ड्रमला जवळजवळ पावणेदोन पट उष्णता गिळावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : कारच्या मागच्या ड्रमला १९ मिमीऐवजी २२ मिमीचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणारा) बसवला तर?

उत्तर : जोर साधारण एक तृतीयांशानं वाढेल, पेडल जरा खोल जाईल. पण ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात. तीच आधी लॉक झाली तर गाडी शेपटीकडून फिरते. कंपनीनं मागे लहान सिलिंडर काटकसरीपायी दिलेला नाही. आहे तोच ठेवा आणि शू-ड्रममधलं अंतर नीट जुळवून घ्या.