तळघरातल्या नोंदी

प्रश्न : सियागंजात आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. मालाच्या नोंदीसाठी फायरबेसच्या रिअलटाइम डेटाबेसवर (गुगलची ऑनलाइन माहिती साठवण्याची सोय) अँड्रॉइड ॲप केलं. तळघरात रेंज नसते. तिथे नोंद करून ॲप बंद केलं की ती गायब. काय करू?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नोंदी सध्या फक्त मेमरीत राहतात, म्हणून ॲपबरोबर जातात. कोडात ‘सेटपर्सिस्टन्सएनेबल्ड’ ला ‘ट्रू’ द्या; त्या फोनमध्ये साठतील आणि रेंज आली की आपोआप वर चढतील. पण ही ओळ डेटाबेसला पहिला हात लागण्याआधीच चालायला हवी. बहिणीच्या लोणच्यांच्या ऑर्डरींचं ॲप करताना मी ती स्क्रीनच्या कोडात टाकली होती. ॲप दुसऱ्यांदा उघडताच बंद पडायचं, दोन रात्री गेल्या. तुम्ही ती ॲप्लिकेशन क्लासच्या ‘ऑनक्रिएट’मध्ये, म्हणजे ॲप सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडात टाका.

‘नोंद झाली’ हा निरोप सर्व्हरच्या होकारानंतरच येतो. तळघरात त्याची वाट पाहत चक्र फिरवत ठेवू नका, हमाल खोळंबतील.

आणि कळकळीनं सांगतो, शिल्लक पोती ट्रान्झॅक्शननं (आधीचा आकडा वाचून त्यावरून नवा लिहिण्याची क्रिया) वजा करू नका. ॲप बंद होऊन पुन्हा उघडलं तर अडकलेली ट्रान्झॅक्शन टिकत नाही. ‘साखर, ५ पोती बाहेर’ अशी प्रत्येक वेळी नवी नोंद ‘पुश’ करा, बेरीज नंतर काढा.