उत्तर: कारवानी कुत्रा, शूटिंग आणि "बाकी आम्ही बघतो"

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. कागलकडचं शेत, घरी एका हाकेत येणारा कारवानी, सिनेमात काम मिळालेलं, पण कोल्हापूरच्या चित्रनगरीत (सिनेमाच्या शूटिंगची जागा) टेस्टला नेला तर जनरेटरच्या गाडीखाली जाऊन बसला. त्यात प्रॉडक्शनवाले म्हणतात, "कागदाचं बाकी आम्ही बघतो." कुत्र्याचं जमेल हो. मला काळजी या वाक्याची वाटते.

लस, जंत, गोचीड हे सगळं तुम्ही बघत असालच, ते सोडतो. मी ना डॉक्टर ना वकील. आमच्या बिजलीच्या (गावठी कुत्रीच, पण हुशार) सिनेमातल्या कामातून कळलं ते लिहितोय. फॉर्म-फी बदलत असते, ती स्वतः तपासा.

सिनेमासाठी प्राणी वापरायचा तर २००१ चे परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्स नियम लागतात. नोंदणी आणि शूटिंगआधीची परवानगी केंद्राच्या पशू कल्याण मंडळाकडून घ्यायची, त्यांचं ऑफिस हरियाणात बल्लभगडला. प्राणी कुठला, वय काय, तब्येत कशी, तो नेमकं काय करणार, किती वेळ, शिकवलं कसं, हे सगळं लिहून द्यावं लागतं. शूटिंगनंतर पुन्हा त्यांचंच प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय सेन्सॉरचं काम अडतं. म्हणजे परवानगी "कुत्रा वापरा" अशी मोघम नसते. जे लिहून दिलंय तेवढ्यालाच असते.

आमच्या वेळी कागदावर होतं : दिवसा, शेतात, पोरामागं धावणारी कुत्री. प्रत्यक्षात दिग्दर्शकाला रात्रीचा, जत्रेचा सीन सुचला. पेटती मशाल जवळ आणणार होते, ती मी अडवली. परवानगी काढून देणाऱ्या मुंबईच्या ऑफिसला तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर, "तुमच्या परवानगीत सगळं बसतं, टेन्शन घेऊ नका." लेखी द्या म्हटलं तर फोन ठेवला. नंतर उचलेनातच. हलगीवाले पुढच्या शॉटला आहेत असं मला सांगितलं होतं. पण बिजली मार्कावर (शॉटसाठी ठरवून दिलेल्या जागेवर) उभी असतानाच मागं हलगी कडाडली. ती लाईटच्या स्टँडच्या पायात घुसली. शेपूट पोटाखाली, डोळे मोठे, तोंडाला लाळ. नाकाशी उकडलेली कलेजी धरली तरी वास घेईना. जिनं कलेजीसाठी अख्खं शेत पालथं घातलं असतं, तिनं तोंड फिरवलं. मी तिला उचलून घेऊन आलो.

पुढं तो सीन परवानगीत नाही म्हणून त्यांचा कागद अडकला, आणि त्याच ऑफिसनं सांगितलं की मालकानं आधी कळवायला हवं होतं! माझे पैसे कितीतरी दिवस रखडले. ते एक वेळ जाऊ दे. पण आपल्याकडं लग्न, गणपती, जोतिबाची यात्रा, हलगीशिवाय काय होतं सांगा? अजून लांबून आवाज आला तरी बिजली पलंगाखाली जाते. याची भरपाई कोण करणार? हे लिहितानाही राग येतो.

म्हणून सांगतो, अर्जाची आणि परवानगीची प्रत स्वतःजवळ ठेवा, सेटवर खिशात ठेवा. करारात एक ओळ घालाच : लिहिलेल्या सीनपलीकडं कुत्रा वापरायचा नाही आणि थांबवायचा अधिकार मालकाचा. ही ओळ नको म्हणणारा प्रॉडक्शनवाला मला तरी चालणार नाही, मग नाव कितीही मोठं असो. तुमचा दुसरा टप्पा पन्हाळ्यावर आहे म्हणता. तो किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, त्याची परवानगी वेगळी, ती त्यांनी काढायची. पण ठिकाण बदललं की तुमच्या कुत्र्याच्या कागदातही ते आलं पाहिजे.

आता कुत्र्याचं. कारवानी हा नजरेनं शिकार करणारा. ट्रॉली सरकली, ड्रोन उडाला की त्याचं डोकं तिकडंच जाणार. त्याला ओरडून काही होत नाही. पहिले काही दिवस नुसतं लांब बसून बघू द्या. जनरेटरपासून इतक्या अंतरावर सुरुवात करा की तो खायला घेतोय. तो खातोय तोवर थोडं पुढं, खायचा थांबला की मागं. माझ्या मते एवढं एक मोजमाप पुरतं.

शिकवणी हाताच्या खुणांवर न्या, कारण आवाज थेट सेटवरच घेत असतील तर तुम्हाला बोलता येणार नाही. मार्कासाठी जमिनीवरची टेप त्याला कळत नाही. पायाखाली लहान फळी ठेवा, घरीच तिच्यावर उभं राहायला शिकवा. त्यानं नटाकडं बघायचं असेल तर तुम्ही नटाच्या मागं उभं राहायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं असेल तर लेन्सच्या बाजूला. क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला खटकन वाजवतात ती पाटी) कानाशी वाजवू देऊ नका. शॉट संपल्यावर उलटा धरून वाजवतात, एडिटरला तोही चालतो. आणि भुंकणं नंतर वेगळं रेकॉर्ड करता येतं, त्यासाठी सेटवर कुणी त्याला चिडवत असेल तर सरळ हात धरा.

बिस्किटं देणारे स्पॉटदादा प्रेमानंच देतात, पण पोट भरलं की कुत्रा काम करत नाही, आणि चॉकलेट, मनुका तर त्याला विषच. दुपारचा शॉट असेल तर तळहात जमिनीवर ठेवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात, शॉट संध्याकाळवर ढकलायला सांगा. आणि कोल्हापुरात शूटिंग म्हटलं की बघे जमणारच, सगळ्यांना हात लावायचा असतो. पट्टा घरच्या एकाच माणसाच्या हातात ठेवा.

कुत्र्याची तब्येत ठीक असल्याचा फिटनेसचा दाखला काढताना डॉक्टरांकडून रंग, खुणा, वय नीट लिहून घ्या आणि फोटो त्याच दिवशीचा जोडा. करार हातात आला की सही करायच्या आधी मला मेसेज करा, एकदा नजर टाकतो.