स्पोर्टी गाडीच्या स्प्रिंग बसल्या आहेत. मूळच्याच मापाच्या घ्याव्यात की ३५ मिमी खाली बसवणाऱ्या? शॉक चांगले आहेत, ते तसेच ठेवणार आहे.

स्प्रिंग जोडीनेच बदलायच्या, हे तुम्हाला माहीत असणारच. मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "शॉक चांगले आहेत, राहू दे" हे मला माझ्या मावसभावाने सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं.

दादा गाड्यांचीच कामं करतो. माझ्या दोन दारांच्या गाडीला त्याने ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या, मूळच्यापेक्षा साधारण २५ टक्के कडक. गाडी देखणी झाली. चाक आणि मडगार्डमधली पोकळी गेली, स्टिअरिंग चपळ वाटायला लागलं. आठवड्याभराने पावसात एका लांब उजव्या वळणावर, जिथे मध्येच रस्ता थोडा उचललेला आहे, पुढून डावीकडून धप्प आवाज आला आणि गाडीचं नाक सरळ वळणाबाहेर निघालं. कडेला मोकळी जागा होती म्हणून निभावलं. त्याच टायरवर, तेवढ्याच वेगाने त्या वळणावरून मी वर्षभर जात होते. दादा म्हणाला, "स्प्रिंगचा काय संबंध? तुला वळणावर गाडी धरता येत नाही."

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी शॉकचं रबरी कव्हर वर सरकवलं, रॉडला झिप टाय आवळला आणि चक्कर मारून आले. शॉक जितका दबतो तितका तो टाय वर ढकलला जातो. माझा टाय साध्या रस्त्यावरही बंप स्टॉपला, म्हणजे शॉक पूर्ण दबण्याआधी त्याला अडवणाऱ्या रबरी तुकड्याला, जाऊन टेकला होता. मूळ स्प्रिंगवर गाडी उभी असताना बंप स्टॉपपर्यंत ५५ मिमी जागा होती. ३५ गेले, उरले २०. जो जादा भार ५५ मिमीमध्ये पेलला जायचा तोच २० मध्ये पेलायचा तर स्प्रिंग पावणेतीनपट कडक हवी. माझी होती सव्वापट. बाकीचा भार बंप स्टॉपवर. तो पूर्ण दबला की गाडीचा तो कोपरा जवळजवळ ठोकळा होतो, बाहेरच्या पुढच्या टायरवर एकदम भार येतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. यात माझ्या हाताचा दोष कुठे होता?

"कडक म्हणजे पकड" हे साफ खोटं आहे. खडबडीत रस्त्यावर फार कडक स्प्रिंग टायरला जमिनीवरून उडवते. शॉकचंही तेच: स्प्रिंग २५ टक्के कडक केली की नवाकोरा मूळ शॉकसुद्धा तिची उसळी आवरायला दहाएक टक्के कमी पडतो, आणि तुमचे शॉक जुन्या स्प्रिंगइतकेच चाललेले आहेत. त्यांना चांगलं कोणी ठरवलं? तेल गळत नाही एवढ्यावरून काही कळत नाही.

म्हणून माझं मत: शॉक बदलायचे नसतील तर मूळच्याच मापाच्या घ्या. खाली बसवायचीच असेल तर १५-२० मिमी, आणि तीही त्या स्प्रिंगसाठीच बनवलेल्या आखूड शॉकसह. ज्या स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिमीमध्ये छापलेला नाही, फक्त "स्पोर्ट" लिहिलंय, ती घेऊ नका. कोणी जुनीच कापून देतो म्हणालं तर गाडी तिथून काढा. वळसे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते.

मी आता १५ मिमी खाली आहे, जोडीचे शॉक घातलेत, बंप स्टॉपपर्यंत ४० मिमी शिल्लक आहे. त्याच वळणावर, पावसातही, तेवढ्याच वेगाने जाते. नाक वळणातच राहतं. दादाला शेजारी बसवून नेलं, तेव्हा तो टायरबद्दल बोलत राहिला.

एक राहिलं. काही स्पोर्टी गाड्यांमध्ये मऊ, लांब बंप स्टॉप मुद्दाम लवकर कामाला लागेल असा बसवलेला असतो, तिथे माझे आकडे जसेच्या तसे लावू नका, आधी झिप टाय लावून स्वतः मोजा. सपाट ट्रॅकवरच पळणाऱ्या गाडीचं गणितही वेगळं. आणि काम कोणीही करो, सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, अलाइनमेंट त्यानंतर.