रेडिओलॉजीचा रिपोर्ट नेमका कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहात, दोन पानी रिपोर्ट देऊनही सर्जन फोन करून विचारतात, "नेमकं आहे काय?" कारण त्यांनी चिठ्ठीवर जे विचारलं होतं, ते तुमच्या रिपोर्टात सापडत नाही. मी म्हापशाला रिपोर्टिंग करतो. स्कॅन उघडण्याआधी रिक्विझिशन (म्हणजे तीच चिठ्ठी) वाचायची आणि इम्प्रेशनची (निष्कर्षाची) पहिली ओळ त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहायची, एवढं केलंत तरी निम्मे फोन बंद होतील.

समजा डिचोलीचा ट्रकचालक उजव्या कुशीत कळा येतात म्हणून आलाय, सीटी केयूबी (किडनी, युरेटर म्हणजे मूत्रनलिका, आणि मूत्राशयाचा स्कॅन) झालाय. सर्जनला हवं काय? खडा केवढा, नेमका कुठे अडकलाय, वर किडनी किती फुगलीय, दुसरी किडनी धड आहे का. मग "उजव्या युरेटरमध्ये लहान खडा, क्लिनिकली कोरिलेट करावे" यातून त्याला काय कळणार? "उजव्या व्हीयूजेला ५ मिमी खडा, वर सौम्य हायड्रोनेफ्रोसिस, डावी किडनी नॉर्मल" असं लिहा (व्हीयूजे म्हणजे मूत्रनलिका मूत्राशयाला मिळते ती जागा, हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे किडनी फुगणं). व्हीयूजेचा ५ मिमी खडा बरेचदा आपणहून पडतो, पीयूजेला (किडनीतून मूत्रनलिका निघते तिथे) अडकलेला ११ मिमीचा सहसा पडत नाही. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. फॅटी लिव्हर, साधी सिस्ट फाइंडिंग्जमध्ये (सविस्तर नोंदींत) राहू देत.

आणि ते "क्लिनिकली कोरिलेट" मला मनापासून आवडत नाही. समोरचा डॉक्टर दुसरं करतो काय? कशाशी जुळवून बघायचं ते लिहा: ताप, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्तचाचणी), पूर्वीची बायोप्सी. शंका असेल तर ती एकदाच लिहा, सर्वांत शक्य निदान आधी, आणि शंका फिटायला कोणती तपासणी हवी तेही.

छातीच्या सीटीत अचानक दिसलेल्या गाठीला "फॉलोअप करावा" म्हणून सोडू नका. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या संस्थेच्या २०१७च्या निकषांप्रमाणे फुफ्फुसातली एकच सॉलिड (भरीव) गाठ ६ मिमीपेक्षा लहान आणि कॅन्सरचा धोका कमी असेल तर नेहमीचा फॉलोअप लागत नाही. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. मात्र पेशंट ३५ वर्षांखालचा असेल, आधीचा कॅन्सर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हे निकष लावायचे नाहीत.

सावंतवाडी-दोडामार्गहून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) येणारे पेशंट पिशवीभर जुन्या फिल्म आणतात. ती पिशवी उघडा. "पूर्वीपेक्षा वाढ" पुरत नाही, कुठल्या तारखेला किती मिमी होती ते हवं.

टेम्प्लेट सांभाळून वापरा, नाहीतर पित्ताशय काढलेल्या बाईचं गॉलब्लॅडर नॉर्मल निघतं. सही करण्याआधी उजवं-डावं पुन्हा बघा; व्हॉइस डिक्टेशन असेल तर "नो" हा शब्द गळला नाही ना, तेही.

मेंदूत रक्तस्राव, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती दाबाखाली साठलेली हवा) असलं काही दिसलं तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, आधी फोन करा. कुणाशी बोललात, किती वाजता, हे रिपोर्टातच नोंदवा.