कूलरमधली वाळलेली अंडी आणि डेंग्यूचा व्हायरस

प्रश्न: मागच्या ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला होता. आमचा कूलर तेव्हापासून गच्चीवर कोरडा पडलाय, आता एप्रिलमध्ये काढायचाय. डासांची अंडी वाळून पण जिवंत राहतात म्हणे आणि मादी पिल्लांना व्हायरस देते असं पण वाचलं, मग त्यातून निघालेला डास पहिल्याच चाव्यात डेंग्यू देणार का? — एक वाचक, अकोला

उत्तर: देऊ शकतो, पण चान्स खूपच कमी. घाबरू नका, फक्त पाणी भरायच्या आधी कूलर नीट घासा. कसा घासायचा ते खाली सांगते, आधी आत काय होतं ते बघू कारण ते कळलं की घासायचं का तेही कळेल.

डेंग्यूवाल्या माणसाला एडिस इजिप्तीची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, मादी चावली की रक्तातला व्हायरस आधी तिच्या आतड्यात वाढतो, मग अंगभर पसरतो आणि साधारण ८ ते १२ दिवसांत लाळेच्या ग्रंथीत पोचतो, त्यानंतरच ती दुसऱ्याला आजार देऊ शकते. या पसरण्यात कधीकधी तो अंडाशयात पण शिरतो आणि अंडं तयार होतानाच आत जाऊन बसतो. दुसरा रस्ता म्हणजे अंडं बाहेर येताना, अंड्याला एक बारीक छिद्र असतं ज्यातून नराचं बीज आत जातं, तिथून व्हायरस पण घुसू शकतो. पण रक्त प्यायल्यावर तीन-चार दिवसांत ती पहिली अंडी घालते ना, तोवर व्हायरस बहुतेक वेळा तिथवर पोचलेलाच नसतो, म्हणून धोका जास्त असतो तो नंतरच्या खेपेच्या अंड्यांत. आणि त्यातही डेंग्यूच्या बाबतीत शेकडो पिल्लांमागे एखादंच व्हायरस घेऊन निघतं.

हे कळलं कसं, तर नर डासांवरून. नर चावतच नाही, फुलांचा रस पितो, मग त्याच्या अंगात डेंग्यू सापडला तर तो बहुतेक आईकडूनच आलेला असणार. आपल्याकडच्या संशोधकांनी तर २००२ साली दाखवलं की लॅबमध्ये डेंग्यू-३ हा डेंग्यूच्या व्हायरसचा एक प्रकार एडिसच्या एकामागून एक सात पिढ्यांपर्यंत टिकला, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण उन्हाळ्यात पेशंट जवळजवळ नसतात तेव्हा व्हायरस कुठे दडतो याचं एक उत्तर इथे असू शकतं.

सगळे व्हायरस इतके कमी जात नाहीत हं. अमेरिकेत ला क्रॉस नावाचा मेंदूज्वराचा व्हायरस आहे, तो झाडांच्या ढोलीतल्या डासांच्या अंड्यांमधूनच अख्खा बर्फाळ हिवाळा काढतो आणि तिथे आईकडून पिल्लांत जायचं प्रमाण भरपूर असतं. केनियात रिफ्ट व्हॅली फीव्हरचा व्हायरस कोरड्या मातीतल्या अंड्यांत दडून राहतो असं मानतात, जोराचा पाऊस होऊन खोलगट जमिनीत पाणी साचलं की डास निघतात आणि गुरंढोरं आजारी पडायला लागतात.

आता तुमचा कूलर. एडिसची अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळी, खसखशीपेक्षा बारीक, आणि कोरडी पडून सहा महिने सहज काढतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन काही होत नाही, खूप जण कोरडा दिवस पाळतात पण घासत नाहीत आणि अंडी तिथेच राहतात. तारेच्या घासणीने टाकीच्या चारी बाजू, कोपरे, पंपाच्या खालची जागा सगळं खरवडा, जुनं गवत फेकून नवीन लावा. हेच पिंप, रांजण, कुंडीखालच्या ताटल्या यांना पण. पाणी आधीच भरलं असेल आणि अळ्या वळवळताना दिसत असतील तर ते उन्हात कोरड्या जमिनीवर ओता, गटारात नको, आणि मग घासा. अळीचा डास व्हायला आठवडाभर पुरतो, तेव्हा सीझनभर दर आठवड्याला हे करायचं.