मध्ययुगात लोकांनी काय लक्षात ठेवायचं, हे राजेच ठरवत होते का?

‘मध्ययुगात राजे आणि दाते ठरवतील तेच लोकांच्या लक्षात राहिलं, सामान्यांच्या हातात काहीच नव्हतं, हे खरं का?’ असं विचारलंय. अर्धंच खरं आहे.

राजांनी खटाटोप भरपूर केला. देवगिरीच्या यादवांचं कूळ आपण आज सांगतो ते बरंचसं हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तल्या राजप्रशस्तीवरून. हेमाद्री कोण, तर यादवांचाच श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख. ग्रंथ धर्मशास्त्राचा, त्यात धन्याच्या कुळाची थोरवी.

पण पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख घ्या. शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277. विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिलं याची दगडात कोरलेली नोंद. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाद्री आहे, साधे भक्तही आहेत.

मी नववीत असताना आजीबरोबर तिथे गेलो होतो. आजीनं पदर खोचला आणि त्या शिळेला पाठ घासली. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून भाविक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, अक्षरं त्यानंच झिजली. मामा सगळ्यांदेखत ओरडला, ‘आई, राजाचा लेख आहे तो! अडाणीपणा पुरे.’ आजी मुक्कामाला पोचेपर्यंत गप्प होती. रात्री मला म्हणाली, ‘राजाचं नाव घेऊन मी काय करू? माझी आयपण हितंच पाठ घासून गेली.’

राजानं दान कोरून ठेवलं, लोकांनी त्याच दगडात स्वतःची सुटका पाहिली. दगड राजाचा, आठवण आजीची. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांचं, लेख शके 982 चा (1060), म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. तरी लोक सर्रास ‘हेमाडपंती’, म्हणजे हेमाद्रीच्या नावाचं, म्हणतात. छित्तराज आणि मुम्मुणी या शिलाहार राजांची नावं तिथल्या किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून इतिहास वाचायचा तर लेख वाचाच, पण त्या दगडापाशी कोण काय करतं हेही बघा. मामाला मी हे वीस वर्षं सांगतोय. त्याला अजूनही कोरलेलं तेवढंच खरं वाटतं.

हां, आता मात्र कोणी लेखाला पाठ घासू नये. उरलीसुरली अक्षरं जपायलाच हवीत, तेवढं मामाचं बरोबर. पण आजीला ‘अडाणी’ म्हणाला, तो शब्द त्यानं अजून मागे घेतलेला नाही.