टेस्ट पायलट व्हायचंय? आधी लिहायला शीक

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) तयार झालेलं प्रत्येक सुखोई-३० लढाऊ विमान कुणीतरी पहिल्यांदा हवेत नेलेलं असतं. तुला ते काम करावंसं वाटतं, याचा मला मनापासून आनंद आहे. राकेश शर्माही अंतराळातून परतल्यावर एचएएलच्या याच नाशिक विभागात मुख्य टेस्ट पायलट होते.

आधी हवाई दलात उत्तम पायलट हो, बेंगळुरूच्या टेस्ट पायलट स्कूलचं नंतर बघू. गणित मात्र आतापासून पक्कं कर. टेस्ट कार्डाबाहेरचं, म्हणजे त्या उड्डाणासाठी ठरलेल्या चाचण्यांच्या यादीबाहेरचं, काही करायचं नाही, कितीही मोह होवो. आणि उतरल्या उतरल्या लिही: स्टिकला (विमान वळवायच्या दांड्याला) किती जोर लागला, कंप नेमका कोणत्या वेगाला सुरू झाला, किती उंचीवर. 'जरा जड वाटलं' एवढ्यावरून इंजिनिअर काय दुरुस्त करणार? पुढे नागरी विमानांकडे वळलास तरी रिपोर्ट असाच लागतो.